कलामहर्षी बाबूराव पेंटर : सावकारी पाशातला शेतकरी पडद्यावर आणणारा कलावंत



आपल्यापैकी बहुतेकांचे कोल्हापूरला वरचेवर जाणे होते. कोणाची सोयरीक तिकडे, कोणाचे अंबाबाईचे दर्शन, कोणाचे दवाखान्याचे काम. बेळगावहून निघाले की संकेश्वर, निपाणी, मग कागल आणि पुढे कोल्हापूर. शहरात खरी कॉर्नरला एक कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. रिक्षा, दुचाकी आणि भाजीच्या गाड्यांच्या गर्दीत तो उभा असतो. मीही तिथून कितीतरी वेळा गेलो असेन, पण तिथे कॅमेरा का, हे विचारावेसे मला निवृत्त होईपर्यंत वाटले नव्हते. ज्यांच्यामुळे तो तिथे आहे, त्या बाबूराव पेंटर यांचे चरित्र मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. शिकलो बी.कॉम., आयुष्य गेले बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात. पण बाबूरावांच्या एका चित्रपटाचा विषयच शेतकऱ्याचे कर्ज हा आहे. त्यामुळे या माणसाकडे मी थोडा माझ्या धंद्याच्या वाटेने गेलो. त्याबद्दल जाणकारांनी मला सांभाळून घ्यावे.

मेस्त्री घराण्यातला मुलगा

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरातच हातकामाची परंपरा होती. लाकूड, लोखंड, कोरीवकाम यांची सवय लहानपणापासून डोळ्यांना आणि बोटांना लागलेली. चित्रकला किंवा शिल्पकला शिकायला ते कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. जे आले ते पाहून, करून आणि बिघडलेले पुन्हा करून आले.

त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हेही मोठे कलावंत. दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा होता. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी हा सगळा नाटकवाल्यांचा एकच मुलूख होता. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले कोल्हापूरचे, पण त्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ साली हुबळीत स्थापन झाली. या मुलखात राजवाडा, अरण्य, देऊळ, रस्ता असे पडदे रंगवणाऱ्याला कामाला तोटा नव्हता. १९१० ते १९१६ या काळात या दोन भावांचे पडदे पश्चिम भारतात नावाजले गेले. मराठी मंडळ्यांप्रमाणे पारशी-गुजराती रंगभूमीसाठीही त्यांनी काम केले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, ते कायमचे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. पडद्यावर चित्र रंगवणाऱ्यांनी हलणारे चित्र पाहिले, मग दुसरे काय होणार! आपणही चित्रपट काढायचा असे त्यांनी ठरवले. अडचण एकच होती. कॅमेरा परदेशी, किंमत आवाक्याबाहेर.

घरी बनवलेला कॅमेरा

इथे मेस्त्री घराण्याचा हात कामी आला. कॅमेरा विकत मिळत नाही तर आपणच बनवू, असे त्यांनी ठरवले. आधी त्यांनी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला. प्रोजेक्टर हाताळता हाताळता त्याचे पोट उघडून पाहिले.

हा विचार किती शहाणपणाचा होता, हे यंत्राची रीत समजली की कळते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच कुळातली यंत्रे. फिल्म सरळ ओढत नेली तर चित्र पुसट होते. ती सेकंदाला सोळाएक वेळा थांबवावी लागते. थांबली की झडप उघडायची, उजेड आत घ्यायचा, झडप मिटायची, मग फिल्म एक घर पुढे सरकवायची. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो, प्रोजेक्टरमध्ये आतून बाहेर जातो, पण हे थांबणे आणि सरकणे दोन्हीकडे सारखेच. हाताने दांडा फिरवायचा तोही एका लयीत. दातेरी चाक केसभर चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरते.

हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बरोबरीचा भाऊ, भागीदार, एकाच स्वप्नाचा अर्धा मालक गेला. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडदे रंगवायला बसला असता. बाबूरावांनी काम सोडले नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी ते पुढे नेले आणि १९१८ साली चालणारा कॅमेरा तयार झाला. खरी कॉर्नरचा तो स्तंभ या खटपटीची आठवण आहे.

कागलकर बाईंचे भांडवल

कॅमेरा झाला, पण कंपनीला पैसा हवा. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रकल्प नवा, तारण शून्य, प्रवर्तकाला या धंद्याचा अनुभव नाही आणि उत्पन्नाचा अंदाज देता येत नाही. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो दुसऱ्या दिवशी परत पाठवला असता. बाबूरावांच्या पाठीशी तानीबाई कागलकर उभ्या राहिल्या. त्या गायिका होत्या. त्यांनी भांडवल दिले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रयही कंपनीला लाभला. निपाणीहून जाताना कागलची पाटी दिसली की मला आता या बाईंची आठवण होते. मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव एका ओळीत येते, पण ती ओळ नसती तर पुढचे पुष्कळसे घडले नसते.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात प्रदर्शित झाला. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. बाबूरावांनी त्यासाठी स्त्रियाच घेतल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यासाठी कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे मिळाली. या धाडसाची किंमत त्यांनाच द्यावी लागली. समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावे लागले. खरेपणाची हौस दिग्दर्शकाची, पण त्याचा चटका या दोघींनी सोसला, हे विसरून चालणार नाही.

भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

चित्रकाराच्या डोळ्याने

बाबूरावांचे वेगळेपण कशात होते? मला समजले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या पडद्यांनी त्यांना नाव दिले, तेच त्यांनी चित्रपटातून हद्दपार केले. रंगवलेल्या कापडासमोर नट उभा करायचा ही नाटकाची रीत होती. बाबूरावांनी भरीव नेपथ्य उभारायला सुरुवात केली. भिंतीला जाडी असलेले, खांबाआडून माणूस बाहेर येऊ शकेल असे. म्हणजे पात्रे त्या घरात राहत आहेत असे वाटावे. ज्या कामात आपण सर्वांत निष्णात, तेच काम नव्या माध्यमात खोटे ठरते हे ओळखणे आणि ते सोडून देणे सोपे नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे उजेड. त्या काळी चित्रण बहुधा उन्हात होई. बाबूरावांनी १९२३ सालच्या ‘सिंहगड’ चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीने गड घेतला तो रात्री. ती रात्र दुपारच्या उन्हात कशी दाखवणार? उजेड कुठे टाकायचा यापेक्षा कुठे टाकायचा नाही, हे चित्रकाराला जास्त कळते. अंधार हाही त्यांच्या लेखी एक रंगच होता.

तिसरी गोष्ट रंगांची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा मात्र फार दिसे. त्यामुळे लाल कुंकू पडद्यावर काळे येई आणि निळे आभाळ पांढरेफटक. डोळ्यांना दिसणारे रंग मनातल्या मनात काळ्या-पांढऱ्यात उतरवून मग पोशाख आणि भिंती ठरवाव्या लागत. रंगांत वाढलेल्या माणसाला हे शिकावे लागले.

चौथी गोष्ट, ते आधी चित्र काढत आणि मग चित्रण करत. पात्र कुठे उभे राहील, अंगावर काय असेल, हालचाल कशी होईल, याची रेखाटने कागदावर तयार असत. आज मोठमोठे दिग्दर्शक हेच करतात.

जाहिरातीचेही भान त्यांना होते. १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रे आणि माहिती असलेल्या पुस्तिका काढल्या. भित्तिपत्रके ते स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ चित्रपटाचे भित्तिपत्रक हे भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध भित्तिपत्रकांत गणले जाते.

कंपनीत त्यांच्या हाताखाली जी माणसे घडली त्यांची नावे वाचली तरी पुरे. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम. यातले शांताराम हे आपल्या बाजूने आलेले. त्यांचे कुटुंब हुबळीला गेले होते. तिथे रेल्वेच्या कारखान्यात आणि पत्र्याच्या थिएटरात त्यांनी कामे केली आणि १९२० च्या सुमारास कोल्हापुरात बाबूरावांकडे आले. झाडलोट, रंगकाम, अभिनय, पडेल ते काम करत ते शिकले.

‘सावकारी पाश’

१९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. सावकार खोट्या कागदाच्या आधारे त्याची जमीन गिळतो. शेतकऱ्याला गाव सोडावे लागते आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. एवढीच गोष्ट.

त्या वेळच्या पडद्यावर देव, राक्षस, राजे आणि चमत्कार यांची गर्दी होती. त्यात एक कर्जबाजारी शेतकरी नायक म्हणून उभा राहिला. भारतातल्या वास्तववादी सामाजिक चित्रपटाची सुरुवात इथून झाली असे अभ्यासक मानतात.

त्यातले एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिले. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनीही त्याची आठवण नोंदवून ठेवली आहे. दूरवरून घेतलेले एका झोपडीचे चित्र. उजेड अगदी मंद. सोबतीला एक विव्हळणारे कुत्रे. मूकपट असल्यामुळे आवाज नाही, पण पाहणाऱ्याला तो ऐकू आल्यासारखा वाटावा. मारामारी नाही, रडारड नाही, कोणी हात वर करून शाप देत नाही. कॅमेरा लांब उभा राहून ते घर नुसते दाखवतो.

सावकारी पाश एका रात्रीत बसत नाही, हे आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. आधी बियाण्याला पैसे, मग लग्नाला, मग आजारपणाला. व्याज मुदलात मिसळते, कागद बदलतो, अंगठा उमटतो आणि एके दिवशी सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते उगाच नाही. त्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी गदगजवळ कणगिनहाळ इथे देशातल्या पहिल्या सहकारी संस्थांपैकी एक उभी राहिली. हे सगळे आपल्या अवतीभवतीच घडले. तरी १९२५ सालीही तो कागद आणि तो अंगठा होताच. म्हणून बाबूरावांना विषय शोधायला लांब जावे लागले नाही.

अशी हळूहळू बसणारी फास दाखवायची तर चित्रपटालाही घाई करून चालत नाही. प्रेक्षकाला त्या झोपडीसमोर थांबवावे लागते. माझ्या मते बाबूरावांच्या तंत्राचा अर्थ इथे आहे. मंद उजेड, दूरचे चित्र आणि थांबलेला कॅमेरा ही नुसती हौस नव्हती. ज्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही, त्याच्याकडे पाहायला लावण्याची ती रीत होती.

माझी एक नोंद

इथे थोडे स्वतःचे सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला पंधराएक वर्षे झाली होती. निपाणी भागातल्या एका शाखेत होतो. तंबाखूचा मुलूख. सावकाराच्या जागी आता आम्ही आलो आहोत, याचा आम्हा तरुण अधिकाऱ्यांना अभिमान होता.

मार्च अखेरीचे दिवस होते. काउंटरसमोर रांग, हातात अर्जांचा गठ्ठा. एका वयस्कर शेतकऱ्याचे पीककर्ज होते आणि त्याच्या चुलतभावाच्या कर्जाला तो जामीन राहत होता. दोन्ही कागद एकदमच त्याच्यापुढे आले. काय लिहिले आहे ते वाचून दाखवाल का, असे त्याने मला अदबीने विचारले. नेहमीचेच छापील आहे, काळजी करू नका, असे सांगून मी शाईचा पॅड पुढे सरकवला. त्याने दोन्हीकडे अंगठा उठवला.

दोन वर्षांनी चुलतभावाचे कर्ज थकले आणि जामीनदार म्हणून याला नोटीस गेली. ती घेऊन तो शाखेत आला. तोपर्यंत दोन्ही कागद आपल्याच कर्जाचे आहेत, अशी त्याची समजूत होती. तो भांडला नाही. त्या दिवशी वाचून का दाखवले नाही, एवढेच त्याने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने बैलजोडी विकून पैसे भरले. पुढे माझी बदली झाली.

कायद्याने त्यात काही गैर नव्हते. कागद खोटा नव्हता, व्याज नियमातले होते. तपासणी अधिकाऱ्याने ती फाइल निर्दोष ठरवली होती. पण मी दहा मिनिटे थांबलो नाही. निवृत्तीनंतर ‘सावकारी पाश’ची गोष्ट वाचली तेव्हा पडद्यावरच्या सावकाराआधी मला तो शाईचा पॅड आठवला. पाश बसायला सावकारच लागतो असे नाही, कधी कधी नुसती घाईही पुरते.

उतरता काळ

‘सावकारी पाश’ला पौराणिक चित्रपटांसारखा प्रतिसाद मिळाला नाही. लोकांना पडद्यावर आपलेच दुःख पैसे देऊन पाहायची सवय नव्हती. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले.

त्यांचा स्वभाव सावकाश काम करण्याचा. मनासारखे होईपर्यंत पुढे जायचे नाही. कलावंत म्हणून हा गुण, पण कंपनीच्या हिशोबात तो जड जातो. हाताखालच्या माणसांना आता स्वतःचे काही करायचे होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. घडवलेली माणसे एकदम निघून गेली. बाबूरावांना त्या वेळी काय वाटले असेल याची कल्पनाच करावी.

१९३१ साली बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस संपले. बोलपटाबद्दल बाबूरावांना फारसा उत्साह नव्हता. इतक्या कष्टाने रुजवलेली चित्राची भाषा शब्दांच्या गर्दीत मरेल, अशी त्यांना भीती वाटे. पुष्कळ अंशी ती खरी ठरली. सुरुवातीच्या बोलपटांत माणसे एका जागी उभी राहून गाऊ आणि बोलू लागली.

तरीही शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ साली ‘उषा’ केला, १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट म्हणून काढला आणि १९३७ साली ‘प्रतिभा’. अकरा वर्षांनी तीच शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी पुन्हा हाती घेतली, यावरून तो विषय त्यांच्या मनात किती खोल होता हे कळते. पुढे १९४७ साली शांतारामांच्या संस्थेसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांच्याकडे आला. झाडलोट करायला आलेला मुलगा आता मोठा निर्माता झाला होता आणि त्याने आपल्या गुरूला बोलावले. १९५२ सालचा ‘विश्वामित्र’ चालला नाही. या सगळ्या वर्षांत चित्रे आणि शिल्पे मात्र चालूच होती. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. वय ६३.

मागे काय राहिले

मूक ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही. भारतातल्या बहुतेक मूकपटांप्रमाणे तोही नाहीसा झाला. ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणी, काही छायाचित्रे आणि इतिहासाच्या पुस्तकातली पाने एवढेच उरले.

पण रीत उरली. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पाहा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत, पण लक्षात राहते ते तुकोबांचे घर, आवलीची ओढाताण आणि संथपणे चालणारा संसार. गुरूच्या कारखान्यात शिकलेला खरेपणा तिथे दिसतो. १९५३ साली बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. पुन्हा कर्ज, पुन्हा कागदाची लबाडी, पुन्हा गाव सोडून शहर गाठणारा शेतकरी. १९५५ साली सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला आणि संथ, खऱ्या चित्रपटाला जगाने मान दिला. इटलीतल्या ‘बायसिकल थीव्हज’चे, १९४८ सालच्या, आपल्याकडे फार कौतुक होते आणि ते योग्यच आहे. त्याच्या तेवीस वर्षे आधी कोल्हापुरात एका चित्रकाराने आपल्या शेतकऱ्याची झोपडी दाखवली होती, हेही मुलांना सांगावे.

आणि असा कॅमेरा आपल्या निपाणीतही आला. १९८१ सालचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याच सुमारास तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका संघटित होत होत्या. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली त्या बायकांबरोबर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात नट नाहीत. वखारीतली धूळ, चाळण्या आणि आपले म्हणणे आपणच मांडणाऱ्या बायका. हा माहितीपट करणाऱ्यांच्या मनात बाबूराव होते असे मी म्हणत नाही. पण निपाणी ते कोल्हापूर हे अंतर चाळीसएक किलोमीटरचे, आणि राबणाऱ्या माणसासमोर कॅमेरा थांबवायचा ही गोष्ट या टापूत दोनदा घडली, याचा मला एक सीमाभागातला माणूस म्हणून आनंद वाटतो.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कोल्हापूरला गेलात तर खरी कॉर्नरला दोन मिनिटे उतरा, नातवंडांना तो स्तंभ दाखवा आणि त्याची गोष्ट सांगा. घरी ‘संत तुकाराम’ पूर्ण पाहा, मधेच पुढे न ढकलता. सुरुवातीला मुले कंटाळतील. थोड्या वेळाने पाहू लागतील असा माझा अनुभव आहे.

आमच्या मंडळात निवृत्त बँकवाले बरेच आहेत. आम्ही काही जणांनी ठरवले आहे की आपल्या ओळखीत ज्यांना कर्जाचे, जामिनाचे किंवा मृत्युपत्राचे कागद समजत नाहीत, त्यांना ते बसून वाचून दाखवायचे. काम लहान आहे, पण अंगठा उठवण्याआधी माणसाला कागद कळलेला असावा, एवढीच इच्छा. कोणाला सामील व्हायचे असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला अवश्य यावे.

कलामहर्षी बाबूराव पेंटर, त्यांचे बंधू आनंदराव आणि तानीबाई कागलकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.